चाळीस व्होल्टची तूट

बेरीज या विषयावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. घालायचाच असेल तर घरी सांगून यावं! एकतीस वर्षं मी एका तंत्रनिकेतनाच्या कार्यालयात आहे, त्यातली बारा अधीक्षक म्हणून. खडूच्या पेट्या, मुलांची हजेरी, परीक्षेचे पेपर, प्राचार्यांच्या रजा, सगळ्यांच्या बेरजा माझ्या टेबलावरून जातात आणि जाताना सरळ होऊन जातात. लोक माणसाच्या डोळ्यांत बघून माणूस ओळखतात म्हणे. मी त्याच्या कागदाच्या तळाशी बघतो. वर काय वाटेल ते रामायण लिहिलेलं असो, माणूस खरा कळतो तो 'एकूण' या शब्दाच्या शेजारी.

आमच्या घरात माझी मेहुणी राहते. बायकोची सर्वांत धाकटी बहीण. वय चौतीस झालं तरी सगळे तिला धाकटीच म्हणतात. ती आमच्याच तंत्रनिकेतनात विजेच्या प्रयोगशाळेत शिकवते, पाच वर्षं, हंगामी. गेल्या महिन्यात पत्र आलं: गुरुवारी समिती येणार. समिती म्हणजे एकच बाई. त्यांनी प्रयोगशाळा बघायची, मुलांच्या वह्या बघायच्या आणि धाकटीला कायम करायचं की पुढच्या महिन्यापासून घरी बसवायचं, ते ठरवायचं. दुसरी संधी नाही. आणि पत्र आल्यावर, अगदी मुहूर्त साधल्यासारखी, रविवारी धाकटी तापानं फणफणली!

सोमवारी सकाळी तिनं पांघरुणातून हात बाहेर काढून मला एक कागद दिला.

"भाऊजी, हा पेंटरला द्या. प्रयोगशाळेच्या भिंतीवर मोठा बोर्ड करायचाय. आहे तसा उतरवायला सांगा."

"तू निश्चिंत झोप. कागद माझ्या हातात आला म्हणजे पोचला!"

"आहे तसा, भाऊजी."

"अगं, हो!"

तिनं ते दोनदा का सांगितलं, हे मला तेव्हा कळलं नाही. माणसं ओळखण्यात ती माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे आहे, हे नंतर मान्य करावं लागलं.

बसमध्ये कागद उघडला. वर मथळा: 'एसी एकसर मंडलातील कलांतर'. म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं आणि असण्याची गरजही वाटली नाही. मी मथळे वाचत नाही, आकडे वाचतो. खाली तीन वस्तू एका तारेवर एकापुढे एक जोडलेल्या: एक रेझिस्टन्स, एक कॉइल, एक कपॅसिटर. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याच्या वाट्याचे व्होल्ट. रेझिस्टन्स ६०. कॉइल १२०. कपॅसिटर ४०. आणि डावीकडे ठळक अक्षरांत, एकूण पुरवठा: १०० व्होल्ट.

साठ अन् एकशेवीस, एकशेऐंशी. अन् चाळीस, दोनशेवीस. पुरवठा शंभर!

शेजारचे गृहस्थ जरा सरकून बसले. बहुधा मी मोठ्यानं बेरीज केली असावी.

आता तुम्हीच सांगा. हौदात शंभर बादल्या पाणी, आणि बागेला घातलं दोनशेवीस बादल्या! त्यातही एकट्या गुलाबाला एकशेवीस! माझ्या मनात पहिला विचार आला, पोरीनं आकडे मनानं लिहिलेत. दुसरा आला, पोरगी आपलीच आहे. तिसरा आला, समितीच्या बाईंना बेरीज येत असणार! त्या तिसऱ्या विचारानं मला कार्यालयात चहासुद्धा गोड लागला नाही.

संध्याकाळी घरी आलो तो थेट धाकटीच्या खोलीत.

"धाकटे, एकच विचारतो. तीन भाग मिळून एकूण व्हायला हवं ना?"

तिनं डोळेही उघडले नाहीत. "त्यांची बेरीज तशी नाही होत, भाऊजी."

"मग कशी होते?"

"तिरकी."

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं थर्मामीटरकडे पाहिलं. एकशेतीन!

"तिला बडबडायला लावू नका," बायको मला दाराबाहेर ढकलत म्हणाली. "तिच्या नोकरीचा प्रश्न आहे. एवढं कागदातलं कळतं म्हणता ना? मग तुम्हीच बघा काय ते!"

असा रीतसर अधिकार मिळाल्यावर मी व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि खोडरबर घेतलं. रेझिस्टन्सला हात लावला नाही. साठ हा सभ्य आकडा आहे. कॉइलच्या १२० मधला एक खोडला, राहिले वीस. कपॅसिटरच्या चाळिसातल्या चारचा दोन केला, तेही वीस. साठ, वीस, वीस. शंभर! शिवाय कॉइल आणि कपॅसिटर यांना सारखाच वाटा, म्हणजे भाऊबंदकीही नको. पाच मिनिटांचं काम. पाच वर्षं ही मुलगी काय शिकवते कोण जाणे, असंही एकदा मनात येऊन गेलं.

मंगळवारी पेंटर आला. दरवाजाएवढं प्लायवूड, पांढरी पार्श्वभूमी, निळे आणि लाल आकडे. त्यानं कागद निरखला.

"साहेब, खाली 'कलांतर: ५३ अंश' असं लिहिलंय. ते ठेवायचं?"

"ठेव. कोनाशी आपलं काही वाकडं नाही."

"आणि हे इथं खोडल्यासारखं दिसतंय..."

"तू रंग दे रे! हिशेब मी बघितलाय."

बुधवारी सकाळी बोर्ड भिंतीवर चढला. काय दिसत होता! लांबूनसुद्धा बेरीज जुळत होती.

दुपारी प्रयोगशाळेतल्या शिपाईबाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, व्हाइटनर संपलं."

"कपाटात डझनभर बाटल्या होत्या की!"

"त्याही संपल्या. समोरच्या दुकानातल्याही संपल्या. दुकानदार विचारतोय, तुमच्याकडे घराला रंग देताय का?"

जाऊन बघतो तर बत्तीसच्या बत्तीस मुलं-मुली वह्यांवर वाकून बसलेली! महिन्यापूर्वी धाकटीनं त्यांच्याकडून हाच प्रयोग करून घेतला होता. प्रत्येकानं आपापल्या मीटरनं मोजून आकडे शाईनं लिहिले होते, आणि आता प्रत्येक जण आपापल्या आकड्यांवर पांढरा थर देत होता.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"सर, आमचं सगळ्यांचंच चुकलं होतं!" वर्गप्रमुख मुलगी म्हणाली.

"कशावरून?"

"बोर्डावर वेगळं आहे ना!"

मला भरून आलं. एका बोर्डानं बत्तीस चुका दुरुस्त! "मीटर चुकतो, बोर्ड चुकत नाही," असं एक वाक्यही मी जाता जाता टाकलं. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. एकानं तर वहीच्या पहिल्या पानावर, चौकटीत!

गुरुवारी धाकटीचा ताप उतरला, पण अंगात उभं राहण्याएवढंच बळ होतं. ती रिक्षानं मागून येणार होती. समितीच्या बाई मात्र वेळेआधी पाच मिनिटं हजर! बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत स्वतःची पेन्सिल. आमचे प्राचार्य त्यांच्या मागे मागे. प्राचार्य मूळचे सिमेंट-काँक्रीटवाले. विजेबद्दल त्यांना बटण कुठे आहे एवढं ठाऊक.

बाई बोर्डासमोर थांबल्या. मी अदबीनं शेजारी. मला वाटलं होतं, त्या मान डोलावतील.

"यात चाळीस व्होल्ट कमी आहेत," बाई म्हणाल्या.

"कमी?" मी हसलो. "बाई, बेरीज करून बघा. साठ, वीस आणि वीस!"

"बेरीज केली म्हणूनच कमी आहेत. कॉइलचे वीस आणि कपॅसिटरचे वीस एकमेकांना खाऊन टाकतात. उरले रेझिस्टन्सचे साठ. पुरवठा शंभर. बाकीचे चाळीस कुठे गेले?"

मी बोर्डामागे बघण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात दारात धाकटी उभी दिसली. तिनं बोर्ड पाहिला. मग १२० मधला एक जिथे असायला हवा होता, तिथे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ताप आता मला भरला.

"वह्या आणा," बाई म्हणाल्या.

वह्या आल्या. बाईंनी पहिली उघडली आणि पान खिडकीच्या उजेडासमोर धरलं. पांढऱ्या थराखालून १२० स्वच्छ डोकावत होतं. दुसरी वही, तेच. तिसरी, तेच. सातव्या वहीनंतर बाईंनी चष्मा काढला.

"चुकीचं लिहून मग बरोबर केलेलं मी चाळीस वर्षं बघतेय. आधी बरोबर लिहून मग मेहनतीनं चूक केलेलं आज पहिल्यांदा बघते! आणि तेही बत्तीस जणांनी, एकजुटीनं!"

"सर म्हणाले होते," वर्गप्रमुख मुलगी चटकन बोलून गेली, "मीटर चुकतो, बोर्ड चुकत नाही."

"कोण सर?"

वर्गातल्या बत्तीस माना माझ्याकडे वळायच्या आत मी छताच्या पंख्याकडे पाहू लागलो. बाईंनी वाट पाहिली, मग पिशवीतून फॉर्म काढला.

"स्वतः मोजलेल्या आकड्यावर ज्यांचा विश्वास नाही, त्यांना प्रयोग शिकवला असं मी कसं लिहू?" त्या धाकटीला म्हणाल्या. "बोर्ड तुमचा ना?"

"प्रयोगशाळा माझी आहे," धाकटी म्हणाली. एवढंच. माझं नाव तिनं घेतलं नाही.

इथं मी गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. अधीक्षकाला गप्प बसण्याचा सराव दांडगा असतो. पण बाईंच्या पेन्सिलीचं टोक 'शिफारस नाही' या चौकोनावर टेकलं होतं. कागदाच्या तळाशी बघायची सवय, त्याला कोण काय करणार!

"आकडे मी बदलले," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"कार्यालयीन अधीक्षक. आणि हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा."

"का बदललेत?"

"बेरीज जुळत नव्हती."

वर्गात कुणीतरी फिसकलं. प्राचार्यांनी उगाचच भिंतीचं प्लॅस्टर तपासायला घेतलं.

"आणि आता?" बाईंनी विचारलं. "आता तरी पटतंय का, की तुम्ही चुकलात?"

खोटं बोलायचं मनात होतं, जिभेनं ऐकलं नाही. "खरं सांगू? नाही. शंभराचे दोनशेवीस होत नाहीत, बाई. माझ्या हयातीत झाले नाहीत!"

बाईंनी पेन्सिल उचलली. त्यांचा चेहरा एकदम उजळला, बाजारात हवी ती वस्तू अचानक सापडावी तसा.

"छान! या बत्तीस जणांना खरंच समजलंय की पाठ झालंय, ते मला कधीच कळणार नाही. पण या गृहस्थांना काहीही समजलेलं नाही, याची मात्र खात्री आहे." त्या धाकटीकडे वळल्या. "पंधरा मिनिटं देते. यांना समजावून सांगा. समजलं, तर मी शिफारस करते. आणि अधीक्षक, समजल्याचं सोंग चालणार नाही. मी प्रश्न विचारणार!"

म्हणजे धाकटीची पाच वर्षांची नोकरी आता माझ्या डोक्यात काय शिरतं यावर! प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. ते मला बारा वर्षं ओळखतात.

धाकटीनं फळ्यावर दोन नागमोडी रेषा काढल्या. "ही व्होल्टेजची लाट, ही करंटची. दोन्ही सतत वरखाली होतात. कॉइलवरचं व्होल्टेज शिगेला पोचतं तेव्हा करंट शून्यावर असतो. करंट शिगेला, तेव्हा ते शून्यावर. दोघांची वेळच जुळत नाही. कळलं?"

"दोन साप दिसतायत."

"भाऊजी, असं बघा. तुम्ही बोलता तेव्हा ताई गप्प असते, ताई बोलते तेव्हा तुम्ही गप्प. मग दोघांचे आवाज एकत्र करून घरात केवढा गोंगाट आहे, असं कुणी म्हणेल का?"

"तुझी ताई गप्प कधी असते?"

वर्ग खदखदला. बाईंनी घड्याळ बघितलं. सहा मिनिटं गेली होती. धाकटी भिंतीला टेकली, कपाळ पुसलं आणि खाली बघत राहिली. खाली फरश्या होत्या, चौकोनी, एकाला एक लागून. तिचे डोळे फरशीवरून फरशीवर सरकायला लागले.

"टेबलं बाजूला करा रे!" ती ओरडली. ताप गेल्यानंतरचा तो तिचा पहिला खणखणीत शब्द!

तिनं एका कोपऱ्यात खडूनं फुली मारली आणि मला तिच्यावर उभं केलं.

"एक फरशी म्हणजे दहा व्होल्ट. समोर रेझिस्टन्सची वाट. रेझिस्टन्स करंटच्या पावलाशी पाऊल जुळवून चालतो, म्हणून सरळ. साठ व्होल्ट. चला!"

मी मोजत सहा फरश्या चाललो.

"आता कॉइल. तिची वेळ करंटशी जुळत नाही, पाव फेरी पुढे असते. म्हणून त्या रांगेत चालायचंच नाही, डावीकडे काटकोनात वळायचं. एकशेवीस!"

वळलो. नऊ, दहा, अकरा... अकराव्या फरशीवर प्राचार्यांची खुर्ची होती.

"सर, उठा!" बाई म्हणाल्या. प्राचार्य उठले. मी बारावी गाठली.

"आता कपॅसिटर. तो कॉइलच्या बरोबर उलटा. उलटे फिरा आणि त्याच वाटेनं चार मागे या."

मी चार फरश्या परत आलो.

"एकूण किती चाललात?"

"बावीस!" मी छाती पुढे काढली. आकडा आला की मी खंबीर असतो.

"आणि निघालात तिथून किती लांब आलात?"

"बावीस!"

या वेळी शिपाईबाईसुद्धा हसल्या. धाकटीनं कपाटातून दोरीचं रीळ काढलं, एक टोक खडूच्या फुलीवर धरून ठेवायला प्राचार्यांना खाली बसवलं आणि दुसरं टोक माझ्या पायाशी आणून गाठ मारली. मग ती ताणलेली दोरी उचलून फरश्यांच्या रांगेवर सरळ ठेवली.

"मोजा."

मी मोजली. दहा. पुन्हा मोजली. दहा. तिसऱ्यांदा उलट्या टोकाकडून मोजली, कारण फरश्यासुद्धा फसवू शकतात. दहा!

पायाखालची ती ओळखीची खोली मला एकाएकी वेगळी दिसायला लागली. मी बावीस चाललो होतो, खरोखर चाललो होतो, एक पाऊल खोटं नव्हतं. आणि पोचलो होतो दहावर.

"शंभर व्होल्ट," मी हळूच म्हणालो.

धाकटीनं दोरी पुन्हा तिरकी ताणली आणि फुलीपाशी फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक ठेवला. "तुमची सरळ वाट म्हणजे करंट. दोरी म्हणजे एकूण व्होल्टेज. दोघांमधला कोन वाचा."

"त्रेपन्न."

"हे कलांतर. करंट व्होल्टेजच्या त्रेपन्न अंश मागे चालतो. बस, एवढंच मोजायचं असतं."

बाई पुढे आल्या. "अधीक्षक, पुरवठा शंभरच असताना एकट्या कॉइलवर एकशेवीस कसे?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. धाकटी मात्र खिडकीबाहेर बघत होती. दोन्ही हातांनी तिनं टेबलाची कड धरली होती.

"कसे म्हणजे?" मी म्हणालो. "बाराव्या फरशीपर्यंत मी गेलोच होतो की! नंतर चार मागे आलो, आणि दोरी तर काटकोन सोडून सरळ कापत जाते. ती लहानच असणार!"

"हं. आता बोर्डावरचे आकडे चाला."

धाकटीनं दोरी परत सरळ रांगेवर टाकली. फुलीवरून सहा सरळ. डावीकडे दोन. मागे दोन. मी पुन्हा सहाव्या फरशीवर, दोरी मात्र दहा फरश्यांची. तिचं टोक माझ्यापुढे चार फरश्या तसंच पडून होतं. मी त्या चार फरश्यांकडे बघत उभा राहिलो. एकतीस वर्षांत इतकी स्पष्ट तूट मी पाहिली नव्हती, आणि ती पाडणारा हातही इतका ओळखीचा नव्हता.

"चाळीस व्होल्ट," मी म्हणालो. "मीच घालवले."

बाईंनी फॉर्मवर खूण केली, सही केली आणि पेन्सिल पिशवीत टाकली. प्राचार्य अजून दोरी धरून खालीच बसले होते. त्यांना उठायला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "काय केलंत हो तिच्यासाठी आज?"

"चाललो," मी म्हणालो. धाकटी तोंडावर पदर धरून आत निघून गेली.

आठ दिवसांनी समितीचा अहवाल माझ्या टेबलावर आला. धाकटी कायम! पुढे कलम चार होतं: 'अध्यापिकेची समजावण्याची हातोटी असाधारण आहे. आकलनाची अत्यंत अडचण असलेल्या एका विद्यार्थ्यावर (वय छपन्न) तिचा प्रत्यय समितीला प्रत्यक्ष आला. पंधरा मिनिटांत लक्षणीय सुधारणा.'

अशा अहवालाच्या सहा प्रती काढून सहा विभागांना पाठवायच्या असतात, आणि प्रत्येक प्रतीवर अधीक्षकाचा शेरा लागतो. मी सहाही प्रती मुळाशी शब्दाला शब्द लावून वाचल्या, कलम चार तर दोनदा. मग सहा ठिकाणी लिहिलं, 'मजकूर तपासला, खरा आहे', आणि खाली सही ठोकली.